चार दिवसांचा कार्यक्रम

मोठ्या काकांचा फोन आला तेव्हा आई पानग्या थापत होती आणि मी हळदीची पानं पुसून तिच्या हातात देत होते. बाबा वाडीत होते, म्हणून ओटीवर जाऊन फोन मीच घेतला. काका म्हणाले, यंदा दिवाळीच्या सुट्टीत गोवा नको, चार दिवस केळव्यालाच येतो. मुलांना समुद्र पाहिजे, पण नुसता बघायला नको, बोटी, उड्या, असलं काहीतरी धाडसाचं पाहिजे. तू आता कॉलेजात जातेस, तूच सगळं ठरवून ठेव. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "जनाला सांग, बोईसरच्या एका पार्टीला वाडी दाखवायची आहे. त्यांनाही त्याच दिवसांत बोलावतो." जना म्हणजे माझे बाबा. मी स्वयंपाकघरात आले आणि आईला आधी सुट्टीचं सांगितलं, मग वाडीचं. तिने पानगी तव्यावर टाकली ती दुमडूनच पडली, आणि ती सरळ करायला तिने हात पुढे केला नाही.

वाडी एकराहून थोडी मोठी होती. पुढे नारळ, मधे विहीर, विहिरीमागे पोफळींच्या रांगा आणि त्यांच्या सावलीत पानवेली. सकाळी सहाला पंप सुरू व्हायचा, आणि त्याचा आवाज बंद झाला की आमच्या घरात कोणीतरी हमखास विचारायचं, काय झालं? झावळी पडली की आवाजावरून आई सांगायची, कुठल्या माडाची. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं होती, वाटणी कधी झालीच नव्हती. काका नोकरीला लागून बोरिवलीला गेले, बाबा राहिले. वर्षाला नारळ, सुपारी आणि तांदूळ गाडीत घालून पोचते करायचे, आणि दादा म्हणेल त्याला मान डोलवायची, एवढंच बाबांचं आपल्या भावाशी नातं मी पाहिलं होतं. विडीवरून आईशी भांडणारे, कोयत्याला धार नसली तर आख्खं घर डोक्यावर घेणारे माझे बाबा दादासमोर शाळेतल्या मुलासारखे उभे राहायचे. त्या रात्री जेवताना मी त्यांना फोनचं सांगितलं. त्यांनी भात कालवला आणि म्हणाले, "दादाचं पन हाय ना नाव." मला त्यांचा इतका राग आला की मी ताटावरून उठले.

म्हणून मग मीच ठरवलं. माझा हिशेब साधा होता. काका मुलांचं ऐकतात. मुलांना इथे चार दिवस असे गेले पाहिजेत की त्यांनी परत जाताना गाडीत रडून गोंधळ घातला पाहिजे, आपली वाडी विकायची नाही म्हणून. आज मला त्या हिशेबाचं हसू येतं, पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दोनशे पानी वहीची मधली दोन पानं उघडून मी चार दिवसांचा कार्यक्रम आखायला बसले, आणि तासाभरात लक्षात आलं की मला काहीच ठाऊक नाही. समुद्र आमच्या घरापासून सायकलने सात मिनिटांवर. पण आम्ही वाडीवाले, समुद्र मासेमारी करणाऱ्यांचा. आमच्या घरात पोहता कोणालाच येत नव्हतं. समुद्रावर आम्ही जायचो ते गणपती बोळवायला आणि पाहुणे आले की त्यांच्या चपला सांभाळायला. बाकी वर्षभर तो सुरूच्या झाडांपलीकडे गाजत असायचा आणि आम्हाला पंपाच्या आवाजाची काळजी.

किनाऱ्यावर त्या वर्षी पहिल्यांदाच एक बनाना बोट आली होती. पिवळी, लांबलचक, रबराची फुगवलेली, मधे ठिगळ लावलेली. ती चालवणारा मुलगा बोईसरला कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि सुट्टीच्या दिवसांत इथे यायचा. मी सायकलवरून जाऊन त्याला गाठलं. तो म्हणाला, "आ जाओ मैडम, कभी भी." मी विचारलं, नऊ वाजता चालेल? तो पुन्हा म्हणाला, कभी भी. वहीत लिहिलं: पहिला दिवस, सकाळी नऊ, बनाना बोट. नऊ एवढ्यासाठी की आईचा नाश्ता साडेआठला आटोपतो. दुपारी वाडीत खजिन्याचा शोध. दुसऱ्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर मासे भाजून खायचे, तिसऱ्या दिवशी सायकलवरून उमरोळीपर्यंत जाऊन रेल्वेने परत. चौथ्या दिवसाची जागा मी कोरी ठेवली, कारण चौथ्या दिवशी मुलं काकांशी भांडणार होती.

भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी ते आले. काका, काकी, चौदा वर्षांचा रोहन आणि अकरा वर्षांची पूर्वा. रोहनच्या गळ्यात नवा कॅमेरा, व्हिडिओ काढायचा. आईने उकडहंडी लावली होती. वाल, कोनफळ, शेंगा, केळी, सगळं मडक्यात भरून वर पाला. मडकं उघडल्यावर जो वास आला त्याने काका ओटीवरच थांबले आणि पाट ओढून बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चार दिवस मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे जितकं बघितलं तितकं पुढे कुठल्या परीक्षेच्या निकालाकडेही बघितलं नाही. पूर्वाने कोनफळाचा जांभळा तुकडा उचलून विचारलं, "हे रंग घातलेलं आहे का?" आणि काकीने तिला ब्रेड दिला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आम्ही किनाऱ्यावर पोचलो. पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण कुठेतरी पार लांब, एका चकाकत्या रेषेएवढं, आणि मधे सगळी ओली, काळपट वाळू. पिवळी बोट त्या वाळूवर आडवी पडली होती आणि तो मुलगा तिला टेकून चहा पीत होता.

"पानी कहाँ है?" रोहनने विचारलं.

"पानी तीन बजे आएगा," तो म्हणाला.

"तुम कभी भी बोला था," मी म्हणाले.

"कभी भी आओ बोला. बोट कभी भी चलेगी, ऐसा नहीं बोला." त्याने कपातला उरलेला चहा वाळूवर ओतला. "आप तो यहीं के हो ना मैडम?"

काका हसले. त्यांना खरंच हसू आलं होतं, त्यात वाईट काही नव्हतं, पण मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चतुर्थी होती. चतुर्थीला भरती तीनला, हे मुरब्याच्या कोळीवाड्यातलं सहा वर्षांचं पोरसुद्धा झोपेत सांगेल. आमच्या घरात कालनिर्णयाचं पान रोज पाहिलं जायचं, एकादशीसाठी, संकष्टीसाठी, पंचकासाठी, पण तिथीवरून समुद्र मोजायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तीन वाजता परत येऊ म्हटलं, तर काकांना बाराला बोईसरला त्या पार्टीला भेटायचं होतं आणि त्यांच्याशिवाय मुलांना बोटीत बसवायला काकी तयार नव्हती. आम्ही चालत घरी आलो. रोहनने वाटेत कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "इथे काहीच नाहीये, पप्पा." काका म्हणाले, "अरे, मी तेच तर म्हणतोय." हे वाक्य मी आजही जसंच्या तसं ऐकू शकते.

दुपारचा खजिन्याचा शोध पंधरा मिनिटं टिकला. तिसरी चिठ्ठी मी आंब्याच्या ढोलीत ठेवली होती, तिथे तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं, आणि पूर्वाच्या हाताला वीसेक मुंग्या डसल्या. काकी तिला घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. काका बोईसरहून आले ते खुशीत होते. म्हणाले, पार्टी चांगली आहे, उद्या संध्याकाळी वाडी बघायला येते, कागदांचं पुढच्या आठवड्यात करू. बाबा तेव्हा विहिरीवर पाय धूत होते. त्यांना ऐकू गेलं, कारण त्यांनी धुतलेले पाय पुन्हा धुवायला घेतले. मी न्हाणीत जाऊन रडले. असं वाटत होतं की सगळं माझ्याच हातात आहे आणि माझ्या हातात काहीच नाही. ज्या पंपाचा आवाज ऐकत मी जन्मल्यापासून उठत आले तो उद्या संध्याकाळनंतर दुसऱ्याचा होणार, आणि मी काय करत होते, तर मुंग्यांच्या घरट्यात चिठ्ठ्या ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी ते केलं. मुलं कंटाळून ओटीवर लोळत होती आणि रोहन गोव्याला त्यांनी दोरीवरून घसरत जाण्याचा खेळ केला होता त्याचं वर्णन करत होता. मी म्हणाले, "त्यात काय. माझे बाबा दोरीशिवाय जातात. एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसऱ्या पोफळीवर. खाली न उतरता. दहा-दहा झाडं." रोहन उठून बसला. "खोटं." "खोटं कशाला? दुपारी चारला बघ." आणि सर्वांसमोर मी वही उघडली आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात माशांवर काट मारून लिहिलं: दुपारी चार, पोफळीवरून पोफळीवर, बाबा.

यात खोटं काही नव्हतं. सुपारी अशीच उतरवतात. पायात दोरीचा वेढा अडकवून बारीक, उंच खोडावर चढायचं, घड कापून खाली सोडायचा, मग अंगाच्या वजनाने झाड झुलवायचं आणि ते वाकून शेजारच्या झाडाजवळ आलं की हात टाकून ते धरायचं, पहिलं सोडायचं. दर झाडाला उतरत-चढत बसलं तर दिवस पुरत नाही. बाबा वाडीतले सगळ्यांत हलके गडी म्हणून नावाजलेले होते. पण ते पूर्वी. उजवा खांदा दुखायला लागल्यापासून दोन वर्षं ते चढत नव्हते. डोंगराकडचे जान्याभाऊ सुपारीला यायचे, आणि त्या आठवड्यात ते स्वतःच्या भाताची कापणी करत होते, निरोप धाडूनही आले नसते. हे सगळं मला माहीत होतं. बाबांना मात्र चारचं काही माहीत नव्हतं. त्यांना ते जेवताना रोहनने सांगितलं. "काका, सुजाताताई म्हणाली तुम्ही आज स्टंट करणार आहात." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग बाबा रोहनला म्हणाले, "करू ना." आणि जेवणात एक भाकरी कमीच खाल्ली.

चारला सगळे पोफळींखाली जमले. काकीने घरातून खुर्ची आणवली. बाबांनी सदरा काढला, पाण्यात भिजवलेली दोरी पायात अडकवली, कोयता कमरेला खोचला आणि चढले. पहिली दोन झाडं मला वाटलं, काही बदललेलं नाही, हे तेच बाबा. ते वर झुलायला लागले की खालून एवढंच दिसायचं की एक शेंडा हलतोय आणि दुसरे सगळे स्थिर आहेत, आणि मग अचानक हलणारा शेंडा बदललेला असायचा. रोहन कॅमेरा डोळ्याला लावून ओरडत होता. काका नुसते वर बघत उभे होते. तिसऱ्या झाडावरून चौथ्याकडे जाताना बाबांनी उजवा हात टाकला, आणि तो पोचला पण धरून राहिला नाही. एक पाय तिसऱ्या झाडाला, डावा हात तिसऱ्या झाडाला आणि उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत. झाड त्यांना घेऊन मागे आलं, पुढे गेलं, मागे आलं. "जनार्दन," आई म्हणाली. ओरडली नाही. म्हणाली. उभ्या जन्मात तिने बाबांना नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "अवो" हेच त्यांचं नाव होतं. मी डोळे मिटले, म्हणून पुढचं मला सांगता येत नाही. उघडले तेव्हा ते चौथ्या झाडावर होते, डाव्या हाताने गेले होते. तिथून ते सरळ उतरले. छाती सोलवटून निघाली होती आणि रक्ताचे बारीक थेंब आले होते. रोहनने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "काका, परत एकदा ना. शेवटचं नीट आलं नाही." आईने पदराने बाबांची छाती पुसायला घेतली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

काकांचे डोळे भरून आले होते. ते बाबांजवळ गेले आणि म्हणाले, "जना, आपले बाबा असेच जायचे रे. मी विसरूनच गेलो होतो." त्यांनी तिथूनच त्या पार्टीला फोन लावला आणि सांगितलं, आज येऊ नका. मी धावत घरात गेले आणि देवांच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने हसले. इतका सुटल्याचा आनंद मला पुढे माझ्या मुलीच्या जन्मानंतरच झाला, दुसऱ्या कशाने नाही.

तो आनंद जेवणापर्यंत टिकला. कोलंबीचं कालवण होतं, पूर्वासुद्धा बोटं चाटत होती. काका म्हणाले, "मी विचार केला. विकायची नाही. विकणं हा मूर्खपणा आहे. आपणच इथे रिसॉर्ट काढू." मग ते बोलतच राहिले. पुढच्या माडांच्या जागी खोल्या, पोफळींमधून दोर बांधायचे, लहान मुलांसाठी जाळ्या. बोट ठेवायची, भरतीच्या वेळा पाटीवर लिहून. मुंबईचे लोक ह्याला वाट्टेल ते देतील. "आणि आपल्या जनाचा खेळ, दिवसातून दोनदा. सकाळी अकरा, दुपारी चार. सुजाता, वेळ तू बरोबर निवडलीस हं." काकी म्हणाली, डोक्याला लाल मुंडासं बांधलं तर फोटोत छान दिसेल. रोहन म्हणाला, खाली जाळी लावा, म्हणजे जनाकाका दहा झाडं करू शकतील. ते सगळे मनापासून बोलत होते. त्यांना आमची वाडी आवडली होती, मला हवी होती तशीच.

बाबांनी भाकरी संपवली. ताट बाजूला सरकवलं. डाव्या हाताने तांब्या घेऊन हात धुतले, कारण उजवा वर होत नव्हता. "दादा," ते म्हणाले, "तू तुजा हिस्सा ईक. माजा अर्दा ठेव."

"अरे, पण विकायचंच नाही म्हणतोय मी."

"तू ईक. मोजनी करून घेऊ." मग म्हणाले, "मी सुपारीला चडतो. बगायला कोन आलं म्हनून नाय चडत." काका पुढे अर्धा तास समजावत होते. बाबांनी मान मात्र एकदाही डोलवली नाही.

मोजणी झाली. विहीर काकांच्या भागात गेली, पुढचे माडही. काकांनी तो भाग शेवटी विकलाच, आणि ज्याने घेतला त्याने भिंत घातली आणि विहिरीवर लाद्या टाकून वर खुर्च्या मांडल्या. आम्ही आमच्या बाजूला बोअर मारली, तिला मचूळ पाणी लागलं. पानवेली पहिल्याच उन्हाळ्यात गेल्या. पोफळी अर्ध्याअधिक तगल्या, आजही आहेत. पंपाचा आवाज राहिला, पण तो दुसरा होता, जमिनीतून येणारा, घुसमटलेला. शनिवार-रविवारी भिंतीपलीकडे गाणी लागतात आणि बोर्डावर रंगीत अक्षरांत दिवसभराचा कार्यक्रम लिहिलेला असतो. मी माहेरी गेले की त्या रस्त्याने जात नाही, मागून जाते.

मोजणीचे लोक खुणेचे दगड पुरून गेले त्या संध्याकाळी मी बाबांजवळ गेले. ते पोफळीखाली बसून खराट्यासाठी झावळीचे हीर काढत होते, डाव्या हाताने, सावकाश. मी म्हणाले, "बाबा, माझ्यामुळे झालं हे."

"तुज्यामुळं नाय. दादा ठरवूनच आलेला."

"मी तो कार्यक्रम लिहिला नसता तर…"

"लिवलंस ते बरं केलंस. कोनीतरी कायतरी करायला होवं होतं. मी नाय केलं." त्यांनी हीर बाजूला ठेवला, दुसरा घेतला. "पन ते मला त्या पोराच्या तोंडून कळलं, सुजा. तू इचारलं नाय."

मी विचारलं, "विचारलं असतं तर चढला असता? खांदा असा असताना?"

"चडलो असतो," बाबा म्हणाले. "तवा तुज्यासाटी चडलो असतो. आता त्यांच्यासाटी चडलो."